विकतचं संशोधन

वेबिनार घेणाऱ्या त्या बाईचं हसू आठवलं की मला अजून शिसारी येते. रविवारी सकाळी अकरा वाजता आम्ही शंभरेक आईबाप आपापल्या घरात लॅपटॉपसमोर बसलेलो आणि ती गोड आवाजात सांगत होती की या सुट्टीत ज्या मुलांनी संशोधन केलं नाही ती मागे पडणार. कोणाच्या मागे, ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. खाली उजव्या कोपऱ्यात एक लाल घड्याळ उलटं चालत होतं, म्हणजे ते शून्यावर यायच्या आत नाव नोंदवलं तर सवलत. सेलमध्ये साडीवाले करतात तसं. साडीवाला निदान पदर उलगडून तरी दाखवतो.

हे सगळं सुरू झालं डोंबिवलीहून. माझ्या नणंदेचा मुलगा आदल्या वर्षी असलाच एक ऑनलाइन कोर्स करून बसलेला. आता तो बाहेरच्या विद्यापीठांत अर्ज करतोय आणि ताईंच्या बोलण्यात उठता-बसता ‘रिसर्च पेपर’ येतो. माझ्या मुलीची दहावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. म्हणाल्या, अगं, पोरीला तीन महिने नुसतं लोळत ठेवणार आहेस का, हल्ली नुसत्या मार्कांना कोण विचारतं. फोन ठेवल्यावर मी नवऱ्याजवळ तणतणले. पण रात्रीची भांडी घासेपर्यंत माझ्या डोक्यात तो किडा शिरलेला होता. तीन कंपन्यांच्या साइट्स मी दुसऱ्याच दिवशी डब्याच्या सुट्टीत उघडून बसले.

लोळणं वगैरे काही चाललेलं नव्हतं, हे आधी सांगते. आमच्या वर्तकनगरच्या घराच्या गॅलरीत तिने श्रीखंडाचे आठ रिकामे डबे मांडून ठेवलेले. कशात नळाचं पाणी, कशात तांदळाचं धुवण, कशात वाळकी पानं टाकलेलं पाणी. रोज सकाळी सात वाजता पांढऱ्या चमच्याने ती त्यातल्या डासांच्या अळ्या मोजायची आणि वहीत लिहायची. सहाव्या दिवशी ते पाणी कुंडीतल्या कोरड्या मातीत ओतून टाकायचं, म्हणजे डास व्हायच्या आत अळ्या मरतात. तरी सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठून विचारलंच, की वहिनी, तुमच्याकडे डास पाळलेत असं ऐकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन मी तिला हवं ते बोलले. तिने ऐकून घेतलं आणि डब्यांवर माझ्या जुन्या ओढणीचे तुकडे दोऱ्याने बांधले. फक्त संध्याकाळी दोन तास ती ते उघडे ठेवायची, डासांना अंडी घालायला.

त्या आठ डब्यांत तिला एक गंमत सापडलेली. तीन नंबर आणि चार नंबर, दोन्हींत नळाचं पाणी, एकाच बादलीतलं, एकाच वेळी भरलेलं, शेजारी शेजारी ठेवलेलं. चारमध्ये वळवळ नुसती, आणि तीनमध्ये एकही अळी नाही. तिने जागा बदलून बघितल्या. पाणी बदललं. डबा घासला. तरी तीन रिकामाच. “आई, काहीतरी आहे त्या डब्यात,” असं ती जेवताना, केस विंचरताना, दात घासताना तोंडात फेस घेऊन सांगायची. मी कोलशेतच्या एका कारखान्यात क्वालिटीच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काम करते. पाण्यात काय उतरलंय हे बघणं माझं रोजचं काम. तिने एकदा छोट्या बाटलीत ते पाणी भरून माझ्या पर्सजवळ आणून ठेवलं आणि विचारलं, लॅबमध्ये नेशील का. मी म्हटलं, लॅब काय आपल्या घरची आहे का. अर्ध्या तासाचं काम होतं. साहेबांना विचारलं असतं तर त्यांनी हसून हो म्हटलं असतं. मी विचारलंच नाही, कारण त्या दिवसांत मी तिच्या संशोधनाची सोय बघण्यात गुंतलेले.

पहिली कंपनी त्या वेबिनारवालीचीच. तिच्या साइटवर दोन सिंहांचं बोधचिन्ह होतं आणि खाली लॅटिनमध्ये काहीतरी. नाव ऐकलं तर कोणालाही वाटेल की शेकडो वर्षं जुनं विद्यापीठ आहे. सगळ्यात तळाशी, चष्मा लावूनही दिसणार नाही एवढ्या अक्षरात, लिहिलेलं की आमचा कोणत्याही विद्यापीठाशी संबंध नाही. तिथे म्हणे निवड फार कडक. मुलीची मुलाखत झाली, तिचा आवडता विषय विचारला, मोठेपणी काय व्हायचंय ते विचारलं, आणि ती उठून पाणी प्यायला जाते तोवर अभिनंदनाची मेल आली. सोबत गुणवत्तेबद्दल शिष्यवृत्ती, म्हणजे फीमध्ये सूट. ऑफिसमधल्या एकीने तिच्या मुलाची मेल दाखवली. अक्षर न् अक्षर तेच. त्या मुलाने तर मुलाखतीला दांडी मारलेली. सूट देऊनही फी माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी होती.

दुसऱ्या कंपनीकडे फी कमी, पण विषय त्यांच्या यादीतूनच घ्यायचे. यादीत चाळीस विषय. त्यातले चार-पाच तरी फिरवून फिरवून एकच होते, मोबाइलचा किशोरवयीन मुलांच्या मनावर परिणाम. मी फोन करून विचारलं, की या विषयावर आधी किती मुलांनी पेपर लिहिलेत. पलीकडचा पोरगा म्हणाला, मॅम, व्हेरी पॉप्युलर टॉपिक. त्याला वाटलं मी खूश होईन. मी फोन आपटला आणि भेंडी चिरायला घेतली.

तिसऱ्या कंपनीची सल्लागार बाई ठाण्यातच बसायची, एका काचेच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर. मुलीला घेऊन मी तिथे गेले. गार हवा, कॉफी, भिंतीवर पदवीच्या टोप्या घातलेल्या मुलांचे फोटो. मुलगी डब्यांबद्दल सांगायला लागली. बाई मान डोलवत राहिली, पण डोळे माझ्यावर. दोन मिनिटांनी तिला थांबवून मला म्हणाली, की तुमच्या मुलीकडे स्टोरी खूप छान आहे. भारतातली मुलगी, गॅलरी, डास, डेंग्यू. परदेशात हे फार चालेल. मला तिथेच उठून यायला हवं होतं. माझ्या पोरीच्या आठ डब्यांकडे ती बाई एखाद्या दलालाने फ्लॅटकडे बघावं तशी बघत होती. पण तिने पुढे जे सांगितलं त्याला मी भुलले. हिचाच विषय घेऊ, परदेशातल्या मोठ्या विद्यापीठात पीएचडी करणारा मार्गदर्शक देऊ, आणि पेपर छापून येण्याची हमी. आठ आठवड्यांत.

हमी. मी लॅबमधली बाई. प्रयोग व्हायच्या आधी निकालाची हमी देणारा माणूस आमच्याकडे आला असता तर त्याला गेटवरूनच परत पाठवला असता. पण मी त्या कॉफीचा घोट घेतला आणि फी किती ते विचारलं.

एक चौथा रस्ताही होता, तो मात्र फुकटचा. कल्याणला एक निवृत्त प्राध्यापक आहेत, प्राणिशास्त्राचे. दर रविवारी सकाळी पाच-सात मुलांना घेऊन दुर्गाडीच्या खाडीकाठी जातात, किडे बघतात, चिखल बघतात. मुलीला कोणा मैत्रिणीकडून कळलं म्हणून मी एका रविवारी तिला घेऊन गेले. सरांनी तिचं सगळं ऐकलं. अगदी सगळं. मग कट्ट्यावर बसून तिला उलट प्रश्न विचारत राहिले. डबा कुठून आणला, आधी त्यात काय ठेवलेलं, झाकण कसलं होतं. शेवटी म्हणाले, “हे आठ डब्यांत नाही कळायचं. अजून डबे लाव, आणि पावसाळा संपेपर्यंत थांब. कदाचित काहीच निघणार नाही, तरी थांब.” मुलीचा चेहरा असा फुललेला मी दहावीच्या पूर्ण वर्षात बघितला नव्हता. मी सरांना विचारलं, शेवटी सर्टिफिकेट वगैरे काही मिळतं का. ते म्हणाले, नाही हो ताई, आम्ही नऊ वाजता पोहे खातो.

परतताना रिक्षात मुलगी म्हणाली, मला सरांकडे यायचंय. तिला यायचं होतं आणि तिसऱ्या डब्याचं काय ते शोधायचं होतं, एवढं साधं होतं ते. मी तिला समजावलं. पावसाळा संपेपर्यंत अकरावी सुरू होणार, क्लास सुरू होणार, आणि ‘कदाचित काहीच निघणार नाही’ हे अर्जात कुठल्या रकान्यात भरायचं. नवरा म्हणाला, तुझं शिक्षण त्यातलं, तू ठरव. मी ठरवलं. त्या काचेच्या इमारतीतल्या बाईकडे फी भरून आले आणि येताना मुलीसाठी नवे हेडफोन घेतले. आम्ही मध्यमवर्गीय माणसं पैसे मोजल्याशिवाय कुठल्या गोष्टीवर विश्वासच ठेवत नाही. फुकट देणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका घेतो आणि विकणाऱ्यापुढे माना डोलावतो.

मार्गदर्शक दर शनिवारी सकाळी सातला यायचा. कॅमेरा बंद ठेवूनच. पहिल्या तीन आठवड्यांत त्याने तिला प्रस्तावना कशी लिहायची, संदर्भ कसे द्यायचे, एवढंच शिकवलं. डब्यांबद्दल एकदाही विचारलं नाही. चौथ्या शनिवारी मी शेजारी बसून कोथिंबीर निवडत होते. तिने आपला तक्ता दाखवला. तो म्हणाला, तीन नंबरमुळे ग्राफ बिघडतोय, तो आउटलायर आहे, म्हणजे बाकीच्यांत न बसणारा, काढून टाक. ती म्हणाली, पण सर, तोच तर माझा प्रश्न आहे. तो म्हणाला, इंटरेस्टिंग, पण पेपरच्या स्कोपमध्ये बसत नाही. मग म्हणाला, आठ डबे फार कमी पडतात, जर्नलवाले घेणार नाहीत, तीस तरी हवेत. तिने सांगितलं, आता चारच आठवडे राहिलेत आणि मला एवढे डबे मिळणार नाहीत. तर म्हणतो, “इट्स ओके, ट्रेंड तर आपल्याला माहीत आहे ना, त्यावरून बाकीचा डेटा बनवून घे.”

सांगताना त्याचा आवाजसुद्धा खाली आला नाही. दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त टाक म्हणून सांगावं, तसं सांगितलं त्याने. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या लॅबमध्ये आकडा चुकला तर खोडरबर चालत नाही. एक रेघ मारायची, शेजारी खरा आकडा लिहायचा आणि सही करायची. एका मुलाने एकदा न बघताच रीडिंग भरलं म्हणून मी स्वतः त्याला साहेबांसमोर उभा केलेला. तर मी माइक चालू करून त्या माणसाला चार शब्द सुनवायला हवे होते. मी कोथिंबिरीच्या काड्या वेगळ्या करत बसले. फी भरलेली होती. ताईंना सांगून झालेलं होतं. पेपर येणार म्हणून ऑफिसमध्येही बोलून बसलेले.

कॉल संपल्यावर मी मुलीला म्हटलं, हे असं बरोबर नाही हं. माझाच आवाज मला पोकळ वाटला. ती शांतपणे म्हणाली, “आई, शाळेच्या जर्नलमध्ये आपण हेच केलं ना?”

तोंडात मारल्यासारखं झालं मला. दहावीच्या प्रॅक्टिकलचं जर्नल आपल्याकडे कसं पूर्ण होतं ते सगळ्यांना माहीत असतं. प्रयोग शाळेत सर लांबून एकदा दाखवतात, निरीक्षणं वरच्या वर्गातल्या कुणाच्या तरी जर्नलमधून उतरवायची, उत्तर काय यायला हवं ते बघून आकडे मागे मागे नेत बसायचे, आणि वर लाल शाईत सही. आमच्या मजल्यावरच्या मुलीचं जुनं जर्नल मीच मागून आणलेलं. डिसेंबरमधल्या एका दुपारी मी वाचून दाखवत होते आणि माझी पोर लिहीत होती. तिने एकदा विचारलेलंसुद्धा, हे आपण खरंच करून बघूया का, घरी होण्यासारखं आहे. मी म्हटलेलं, वेडी का गं तू, मार्कांपुरतं आहे ते, पाट्या टाक आणि मोकळी हो.

पुढचं सांगायची लाज वाटते, पण आता निम्मं सांगून बसलेय. दोन दिवसांनी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली आणि बावीस नसलेल्या डब्यांत अळ्या भरायला लागली. मी मागून जाता जाता स्क्रीनकडे बघितलं. दहा, पंधरा, वीस, पंधरा, दहा. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की असे गोल आकडे टाकू नकोस, पाचाच्या पटीतले जास्त आले की लगेच कळतं. खोटी रीडिंग्ज पकडण्यात माझी हयात गेली, त्यामुळे ती न पकडली जाणारी कशी लिहायची हेही मला पक्कं ठाऊक. मी खुर्ची ओढून बसले. एखादा डबा मुद्दाम विचित्र ठेव म्हटलं, सगळं फार सरळ दिसलं की संशय येतो. एका दिवसाचं रीडिंग रिकामं सोड, खाली लिही की त्या दिवशी बाहेरगावी होतो. ती भराभर टाइप करत होती. मधेच एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, भारी आहे गं तुझं डोकं. तासाभरात आमचे तीस डबे तयार झाले. त्यात तीन नंबरचाही होता, बाकीच्यांसारख्याच अळ्या असलेला.

गॅलरीतले खरे डबे तिने त्याच आठवड्यात धुऊन ठेवले. मी काढ म्हटलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, आता कशाला मोजायचं.

पेपर छापून आला. कुठल्या जर्नलमध्ये, तर त्याच कंपनीच्या. सर्टिफिकेटवर सोनेरी कडा आणि तीन सह्या, तिन्ही एकाच वळणाच्या. नवऱ्याने ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं आणि अंगठे, टाळ्या, पुष्पगुच्छ यांचा नुसता पूर आला. ताईंनी फोन करून सांगितलं, बघ, मी म्हणाले नव्हते. मला तो कागद हातात घ्यायचीसुद्धा किळस वाटत होती, आणि मी तो लॅमिनेट करून आणला. आपल्या हाताने.

जूनच्या शेवटी एका रविवारी मुलगी म्हणाली, आता कोर्स संपला, सरांकडे जाऊया का. मला बरं वाटलं. वाटलं, अजून काही बिघडलेलं नाही. निघताना मी पेपरची प्रिंट पर्समध्ये टाकली. का टाकली? खरं सांगायचं तर सर्टिफिकेट नाही म्हणून पोह्यांवर बोळवण करणाऱ्या त्या माणसाला जरा दाखवावं, अशी माझ्या मनात नाही म्हटलं तरी खुमखुमी होती.

सरांनी कट्ट्यावर बसून प्रिंट वाचली. खाडीवरून वारा येत होता, म्हणून ती मांडीवर दाबून धरलेली. एकेक पान उलटत, कोष्टकावर बोट फिरवत. बाकीची मुलं खाली चिखलात वाकलेली. वाचून झाल्यावर त्यांनी वर बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा इतका आनंदलेला होता की मला मान वळवावीशी वाटली.

“तीस!” ते म्हणाले. “मी नुसतं म्हटलं होतं आणि तू खरंच एवढे लावलेस. कुठे ठेवलेस गं एवढे डबे?”

मुलीने माझ्याकडे बघितलं. ती वाट बघत होती, मी काय बोलते याची. मी खरं सांगितलं असतं तर ती सुटली असती, हे मला त्या क्षणीही कळत होतं.

“गच्चीवर,” मी म्हटलं.

“वा,” सर म्हणाले. “उन्हात की सावलीत? त्याने फार फरक पडतो.”

मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले. तेवढ्यात शेजारून आवाज आला, अगदी स्थिर, जराही न अडखळता.

“पंधरा उन्हात, सर, आणि पंधरा टाकीच्या मागे सावलीत. सावलीतल्यांत जास्त मिळाल्या.”

सरांनी खिशातून पेन काढलं, ते लिहून घेतलं, आणि चिखलातल्या मुलांना हाक मारली, की इकडे या रे, हिने काय केलंय ते हिच्याकडूनच ऐका.